दिल्लीत आज किती?

गुरुलिंगअप्पांनी उभ्या जन्मात दिल्ली पाहिली नव्हती, पण दिल्लीची हवा त्यांना लातूरच्या हवेपेक्षा जास्त पाठ होती. मे महिन्यात तिथं लू कशी सुटते, धुळीची आंधी आली की आभाळ कसं पिवळंधमक होतं, जानेवारीत धुक्यापायी रेल्वे किती खोळंबतात, हे सगळं ते गंजगोलाईच्या बाजारातल्या आपल्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकांना सांगत. गिऱ्हाईक आलेलं असायचं परकराचं कापड घ्यायला. ते बिचारं मान डोलवून ऐकून घ्यायचं.

कारण एवढंच, की मुलगा शिवकुमार दिल्लीत होता. दुकान नको, नोकरी करतो म्हणून तो निघाला, तेव्हा बापलेकांचं असं वाजलं की वर्षभर बोलणं बंद. मग एका संध्याकाळी बातम्यांत दिल्लीचा पारा अठ्ठेचाळीसवर गेलेला दिसला आणि अप्पांनी स्वतःहून फोन लावायला सांगितला.

"दिल्लीत आज किती हाय?"

"अठ्ठेचाळीस, अप्पा."

"इथं बेचाळीस. डोकं झाकून जात जा."

"हाव, अप्पा."

झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी हाच फोन आणि हेच बोलणं. आकडे तेवढे बदलायचे. भर थंडीतही शेवट तोच, डोकं झाकून जात जा. अप्पांचा हात कापायचा, म्हणून फोन त्यांच्या कानाला धरून ठेवायचं काम थोरल्या लेकीकडं, सुकन्याकडं. ती शिक्षिका होती; आई गेल्यापासून शाळा सुटली की आपल्या घरी जायच्या आधी माहेरी डोकावायची. फोन धरून धरून तिचा हात अवघडायचा आणि डोकंही तापायचं. दोन शहाण्या पुरुषांना बोलायला दुसरा विषय मिळू नये म्हणजे काय! एकदा ती फणकारलीच.

"अप्पा, तो कसा हाय म्हणून एकदा तरी विचारा की त्याला."

अप्पांनी तिच्याकडं नवलानं पाहिलं. "विचारलंच की आत्ता," ते म्हणाले.

ते अप्पा मे महिन्यातल्या एका पहाटे झोपेतच गेले. सुकन्यानं पहिला फोन भावाला केला.

"अक्का, नांदेडचं सकाळचं विमान हाय. दुपारच्या आत नांदेड, तिथनं गाडी करतो. मला अप्पांचं तोंड बघायचंय. मी येईस्तोवर हलवू नका."

"न्हाई हलवत," सुकन्या म्हणाली. "शब्द दिला तुला."

तेवढ्यात मन्मथकाकांनी, म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावानं, बर्फाची पेटी मागवलीसुद्धा होती. पेटी दारात आली आणि तिथंच पेच पडला. लिंगायतांच्या घरात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि बसलेल्या स्थितीतच मातीत ठेवतात. अंग ताठलं की मग मांडी घालता येत नाही.

"पेटीत ठिवलं तर दोन दिस बी काळजी न्हाई," काका म्हणाले.

"पण आडवं ठिवावं लागंल," विधीसाठी आलेले जंगमस्वामी हळूच म्हणाले. "मागनं बसवायचं कसं?"

सगळे सुकन्याकडं बघू लागले. तिनं मनातल्या मनात हिशेब केला. दुपारी नांदेड, ऊन कलायच्या आत लातूर. निभेल.

"बसवा," ती म्हणाली. पेटी आली तशी परत गेली.

अप्पांना आंघोळ घातली, कपाळभर विभूती लावली, भिंतीला टेकवून पाटावर बसवलं आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. दोन बाजूंना दोन कूलर, भोवती बर्फाच्या लाद्या. अप्पा दुकानात बसायचे तसेच दिसत होते. सुकन्याला उगीच वाटलं, आता विचारतील.

ऊन अंगणात उतरलं आणि शिवकुमारचा फोन आला. "अक्का, इथं आंधी आलीय. समोरचं काई दिसून न्हाई राहिलं. सगळी विमानं उभी हायत."

ज्या आंधीच्या गोष्टी ऐकून सुकन्या आजवर कंटाळली होती, ती आता तिच्याच उरावर येऊन बसली. ती अर्ध्या अर्ध्या तासाला फोन करू लागली. थोडं निवळतंय. अजून न्हाई. बसवलंय विमानात. परत उतरवलंय.

इकडं लातूरही काही मागं नव्हतं. दुपारी पत्रे तडतडायला लागले. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. मांडवात बसलेली माणसं उपरण्यानं वारा घेत दमली. आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. दोन्ही कूलर थांबले. बायकांनी हातपंखे घेतले. बर्फाचं पाणी फरशीवरून वाहत उंबऱ्यापर्यंत आलं. नव्या लाद्या आणायला माणूस पळाला, पण आणलेली लादी सायकलवरच निम्मी विरघळलेली. सुकन्या ओल्या फडक्यानं अप्पांचं तोंड पुसत राहिली. त्यांच्या कानाखालचा रंग बदलू लागलेला तिनं पाहिला आणि पदर पुढं ओढून ती तशीच आडोसा करून बसली. दुसऱ्या कुणी तो पाहू नये, एवढंच तिला वाटत होतं.

पण पाहणारे पाहतातच. उदबत्त्या वाढल्या. जवळ बसलेले एकेक करून अंगणात सरकले.

"सुकन्या, आता बास," काका खालच्या आवाजात म्हणाले. "पेटी तूच परत धाडलीस. आता थांबून कुणाची शोभा करायची?"

"शब्द दिलाय काका मी."

"जित्याला दिलास. ह्या बसलेल्या माणसाचं काय? त्यानं जनमभर धोतराला सुरकुती पडू दिली न्हाई."

तिला रडू आलं आणि रागही आला. राग काकांचा नव्हता. काका खरं बोलत होते, त्याचा होता.

अखेर विमान उडाल्याचं कळलं. मग बऱ्याच वेळानं, "अक्का, नांदेडला उतरलो." मग, "लोहा गाव सोडलं." सुकन्यानं पहाटेपासून पहिल्यांदा घोटभर पाणी घेतलं. आता आलाच. अप्पांच्या कानाशी वाकून तिनं ते सांगितलंसुद्धा.

आणि मांडवाचं कापड फडफडलं.

चाकूरच्या बाजूनं आभाळ काळंनिळं झालं होतं. धुळीचे लोट गल्लीतून पळू लागले. शेतात खड्डा खणणारा बालाजी मोटरसायकलवरून धापा टाकत आला. "अक्का, ढग उतरून राहिलेत. काळी माती हाय. एक सर पडली तरी खड्डा भरंल. मग आज काईच व्हायचं न्हाई."

सुकन्यानं फोन लावला.

"अहमदपूरच्या पुढं हाय, अक्का," शिवकुमार ओरडून बोलत होता. मागं वाऱ्याचा आवाज आणि हॉर्नचा गलका. "वाऱ्यानं झाड पडलंय रस्त्यावर. दोन्हीकडनं गाड्या अडकल्यात. मी उतरून चालत निघू का?"

दहावीला जिल्ह्यात पहिला आलेला तिचा भाऊ पन्नास किलोमीटर चालत येऊ का म्हणून तिला विचारत होता. तिनं डोळे मिटले. अजून थोडं थांबावं तर किती? झाड कधी निघणार? आणि अप्पांना या उकाड्यात रात्रभर असंच बसवायचं? तिनं पदर सारून त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"काका," ती उठली. "उचला."

शेत जवळच होतं. वारा इतका, की अप्पांना बसवलेल्या पालखीची फुलं वाटेतच उडून गेली. बायका बांधाशी थांबल्या. सुकन्या थांबली नाही आणि तिला कुणी अडवलंही नाही. अप्पांना खड्ड्यात खाली घेतलं, आतल्या कोनाड्यात मांडी घालून बसवलं. स्वामींनी बेलाची पानं वाहिली. चाकूरकडं वीज चमकली.

फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. भावाचं धुळीनं माखलेलं तोंड दिसलं. "दाखव अक्का. शेवटचं एकदा दाखव."

तिनं फोन वळवायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला. त्याच्या डोळ्यांत जे तोंड होतं, ते आता इथं उरलं नव्हतं. हे पाहिलं असतं तर जन्मभर त्याला हेच दिसलं असतं.

"शिवा, तोंड दाखवत न्हाई मी," ती म्हणाली. "तुला दिलेला शब्द मोडला. माझ्याशी बोलू नको वाटलं तर. कानाला फोन धरते. बोल."

वाऱ्याच्या गलक्यातून, कळल्यासारखा त्याचा आवाज आला, "बरं."

ती खड्ड्यात उतरली. रोज बसायची तशी अप्पांच्या उजव्या अंगाला टेकली आणि फोन त्यांच्या कानाला लावला. आवाज मोठा केला होता, सगळ्यांना ऐकू येत होता.

"अप्पा," शिवकुमार म्हणाला आणि हुंदक्यानं अडला. काकांनी तोंड फिरवलं. पावसाचे मोठाले दोन थेंब मातीवर पडले. स्वामी घाई करा म्हणाले नाहीत, पण त्यांनी वर पाहिलं.

"अप्पा," तो पुन्हा म्हणाला. "इथं एकेचाळीस हाय."

आणि तो थांबला. अप्पांच्या उत्तरासाठी रोज थांबायचा तसाच. सुकन्याला त्याचा श्वास ऐकू येत होता. एवढी वर्षं हात अवघडून तिनं जे ऐकलं होतं, ते काय होतं हे तिला त्या मातीत बसल्या बसल्या कळलं, आणि आपण त्यांच्यावर चिडायचो याची तिला लाज वाटली. तिनं फोन अप्पांच्या कानापासून हलवला नाही. तोंड तेवढं जवळ नेलं.

"डोकं झाकून जात जा," ती म्हणाली.

"हाव, अप्पा," पलीकडून आलं.

मग तिनं फोन बंद केला आणि काकांनी हात देऊन तिला वर घेतलं.