डोकं धरून बसलेली दुपार

टाकीवरून पडला तेव्हा वेल्डर शुद्धीवर होता. हातपाय हलत होते, म्हणून सगळ्यांच्या जिवात जीव आला. एक्स-रेत मात्र मानेचा मणका मोडलेला दिसला.

"ऑपरेशन केलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण धुरानं तुमची फुप्फुसं पार गेलीत. भूल झेपायची नाही. हाड आपोआप जुळेपर्यंत डोकं जखडून ठेवावं लागेल."

कवटीत स्क्रू रुतवून कपाळाभोवती कडं आवळलं. कड्याच्या सळया छातीवरच्या कडक जाकिटाला जोडल्या. श्वास अडकला तर जाकीट चटकन उघडता यावं म्हणून एक पाना पुढेच चिकटवून दिला.

"जन्मभर लोखंडाला जोड दिला, आता लोखंड मला जोडतंय," घरी आल्यावर तो म्हणाला. बायकोला हसू आलं नाही. ती स्क्रूंभोवतीची कातडी पुसायची, घास भरवायची. त्याला स्वतःचं ताटही दिसत नसे. झोप उडाली, मग बोलणं आटलं. कानामागचा स्क्रू चिघळला, तसा तो कण्हू लागला.

"उद्या दाखवायला जायचंच आहे. एवढी कळ काढा," ती म्हणाली.

दुपारी कपडे वाळत घालून ती आत आली, तर पाना त्याच्या हातात.

"सगळे स्क्रू ढिले केले. सुटलो एकदाचा."

कडं कलंडलं. त्यामागोमाग डोकं झुकू लागलं. तिनं झेप घेऊन ते दोन्ही तळव्यांत धरलं आणि शेजारणीला हाका मारल्या. शेजारीण दारातूनच फोन करायला पळाली.

"सोड गं."

"नाही सोडणार. हलू नका."

"मला मरायचं नव्हतं. नुसतं उशीवर डोकं टेकायचं होतं."

"माहीत आहे."

"हातांना मुंग्या आल्यात माझ्या."

"माझ्याही," ती बोलून गेली, आणि मग तिचं लक्ष मांडीवर नुसत्याच पडलेल्या त्याच्या हातांकडे गेलं.

अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी पट्टा बांधला तरी तिची बोटं सुटेनात. एकेक करून सोडवावी लागली.

कडं पुन्हा बसवलं. हाड जुळलं, जरा वाकडंच. उजव्या मुठीतलं बळ मात्र गेलं ते गेलंच. कारखान्यानं त्याला फाटकावर बसवलं. कुणी हाक मारली की तो अख्खं अंग वळवून बघतो. सकाळी शर्टाची बटणं बायको लावते. गळ्याजवळचं लावताना तो डोळे मिटून घेतो.