दिलेली लाइन

पलीकडच्या दादांना मी कधी पाहिलेलं नाही. नदीच्या या बाजूला आमचं सबस्टेशन, त्या बाजूला डोंगराच्या कुशीत त्यांचं, आणि मधे दोन देशांची सीमा. आमच्याकडून वीज निघते, त्यांच्याकडे पोचते, आणि नीट पोचली का हे विचारायला दोन्हीकडच्या टेबलांवर एक थेट फोन आहे. त्या फोनवर इतक्या वर्षांत विजेपेक्षा सुखदुःखंच जास्त बोलून झाली. माझा नवरा त्याला 'माहेरचा फोन' म्हणतो. घरी पोचले की मी चपला काढायच्या आत विचारतो, "काय म्हणतंय माहेर?"

माहेर बरं नव्हतं. तिकडे तीन टोळ्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, आणि सरकार त्यांच्यामधे अंग चोरून बसलेलं. गोळीबार कुणावरही होवो, दोन-चार गोळ्या विजेच्या टॉवरला लागायच्याच. तारा पेलणारे चिनी मातीचे इन्सुलेटर फुटायचे, फोनची तार तुटायची, आणि मोबाइल त्या डोंगरात क्वचितच लागायचा. लाइन जमिनीला जोडून सुरक्षित करायची त्यांची यंत्रणा तर केव्हाच मोडून पडली होती आणि नवी द्यायला कुणाला फुरसत नव्हती.

म्हणून दादांनी आणि मी एक रीत पाडली, कुठल्याच नियमात न बसणारी. लाइन आपोआप पडली, म्हणजे बंद झाली, तर मी ती लगेच परत चालू करतेच. तेव्हा फोन मेलेला असेल आणि पाव तास उलटूनही लाइन आली नाही, तर दादांनी समजायचं की ताईनं, म्हणजे मी, लाइन दिली. म्हणजे माझ्या बाजूनं ती बंद आहे, जमिनीला जोडली आहे, कुलूप घातलं आहे. माणसं वर चढवायला हरकत नाही. काम झालं की त्यांचा माणूस नदीकाठी येऊन पांढरं फडकं हलवायचा आणि आमचा पहारेकरी मला येऊन सांगायचा. वर चढणाऱ्यांत दादांचा जावईही असे. त्याच्याबद्दल दादा नेहमी तक्रारीच्या सुरात बोलायचे, म्हणजे तो त्यांचा लाडका होता.

त्या आठवड्यात चौथ्या टॉवरचे इन्सुलेटर फुटले होते. "एक-दोन दिवसांत देते लाइन," मी दादांना म्हटलं होतं. "माणसं टॉवरपाशी तयार ठेवा." आणि त्या दिवशी सकाळपासून फोन बंद होता. मला वाटलं, नेहमीसारखी गोळी लागली असेल तारेला.

दुपारी आमचे मोठे साहेब एका पाहुण्याला घेऊन कंट्रोल रूममधे आले. मोठे साहेब निवृत्तीला टेकलेले, त्यामुळे अलीकडे ते कुणालाही नाही म्हणत नसत. पाहुणे राजधानीतून आलेले. नाव कुणी सांगितलं नाही, खातं सांगितलं नाही, पण साहेबांनी स्वतःची खुर्ची पुढे केली त्यावरून मी काय ते ओळखलं. माणूस सभ्य होता, चहा दिला तर आभार मानले.

"मॅडम, पलीकडची लाइन बंद करायची आहे," ते म्हणाले. "कागदोपत्री तांत्रिक बिघाड."

"कशासाठी?"

साहेबांनी घसा खाकरला. पाहुण्यांना मात्र राग आला नाही. "तिथलं सरकार आज त्यांचं बंदर दुसऱ्याच देशाला द्यायला निघालंय. रस्ते आपण बांधले, धरण आपण बांधलं. आपले हितसंबंध आहेत तिथे. त्यांना फक्त आठवण करून द्यायची आहे."

आठवण म्हणे. आपण मोठे झालो हे मला वर्तमानपत्रातून कळत होतंच, पण मोठेपण माझ्या टेबलाशी येऊन चहा पिईल असं वाटलं नव्हतं. तरी मी वाद घातला नाही. वरून आदेश येतात आणि लाइन बंद होते, हे माझ्या नोकरीत नवं नाही. पाच-दहा मिनिटांचा खेळ असेल, असं मी धरून चालले. तिथेच चुकले.

मी ब्रेकर उघडून वीज तोडली. आकडे शून्यावर आले. मग सवयीनं यार्डात जाऊन मी लाइन जमिनीला जोडली, कुलूप घातलं आणि किल्ली पर्समधे टाकली. ज्यानं लाइन बंद केली त्याच्याकडेच किल्ली, हा आमच्याकडचा शिरस्ता. परत आले तर पाहुणे मोबाइलवर कुजबुजत होते.

"करू का चालू?" मी विचारलं.

"मी सांगेन तेव्हा."

"दादांना एक फोन करायला हवा. मोबाइलवरून तरी लागतोय का बघते."

"कुणालाही नाही. तो थेट फोन सकाळी आम्हीच बंद केलाय."

मी घड्याळाकडे पाहिलं. पाव तास होऊन वर काही मिनिटं गेली होती. फोन मेलेला, लाइन बंद, ती परत येत नाही. पलीकडे दादांना याचा एकच अर्थ लागणार होता. टॉवरपाशी माणसं तयार ठेवा, हे मीच सांगितलं होतं.

"साहेब, तिकडे माणसं वर चढली असतील," मी म्हणाले.

मग मला सगळंच सांगावं लागलं. मोठे साहेब पांढरेफटक पडले. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं, असं त्यांनी न विचारताच दोनदा सांगितलं. पाहुणे शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे परक्या देशाशी तुम्ही परस्पर करार केलात," ते म्हणाले.

"करार कसला? माणसं मरू नयेत म्हणून केलेली सोय होती."

एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि पहिल्यांदाच हसले. "मानलं त्यांनी, बंदराचा करार आपल्याशीच. त्यांचे प्रमुख आत्ता दूरदर्शनवर बोलणार आहेत. बोलायला लागले की घराघरात दिवे आले पाहिजेत. लाइन चालू करा."

"नाही."

"मॅडम."

"नदीकाठी पांढरं फडकं दिसल्याशिवाय नाही. कुलूप माझं आहे, किल्ली माझ्याकडे आहे."

"अहो, द्या ना ती किल्ली," मोठे साहेब अक्षरशः रडकुंडीला आले. "माझी पेन्शन, तुमची नोकरी... का आगीत हात घालताय?"

मी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली. कुलूप फोडायला बाहेरचे शिपाई पुरेसे होते आणि ते पाहुण्यांनाही ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र एक न पाहिलेला माणूस होता. तारेला पाठ टेकवून, पाय टॉवरला गुंडाळून बसलेला, आणि मी लाइन दिली आहे म्हणून निर्धास्त.

पाहुणे म्हणाले, "कराराच्या दिवशी चार प्रेतं आपल्यालाही परवडणार नाहीत. फोन जोडून देतो. स्पीकरवर बोला. माणसं उतरवा, पण बिघाड झाला एवढंच सांगा."

मला हायसं वाटलं. ते क्षणभरच टिकलं, कारण ते पुढे म्हणाले, "आणि हा तुमचा संबंध तोडू नका. तुमच्या एका शब्दावर तिकडची माणसं वर चढतात, खाली उतरतात. ही फार मोलाची गोष्ट आहे. पुढे उपयोगी पडेल."

ते हे कौतुकानं म्हणाले. तेच मला सहन झालं नाही.

फोन जोडला गेला. पहिल्याच घंटेला दादांनी उचलला.

"ताई, आहेस ना? माणसं वरच आहेत. बरं झालं लाइन दिलीस."

"दादा, आधी सगळ्यांना खाली उतरवा. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. वायरलेसवर त्यांचं ओरडणं ऐकू आलं, मग नुसती खरखर. मोठे साहेब रुमालानं मान पुसत होते. पाहुण्यांचा मोबाइल पुन्हा वाजला, तो त्यांनी बंद केला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

"उतरले सगळे," दादा शेवटी म्हणाले. "जावई कुरकुरतोय, अर्धं काम राहिलं म्हणून. काय झालं होतं गं?"

"बिघाड," पाहुणे ओठांनीच म्हणाले.

"बिघाड होता, दादा."

"होतं असं. मग उद्या देशील का लाइन? फोन नसला तरी चालेल. आपलं ठरलंय तसं."

पाहुण्यांनी मला मान डोलावून खूण केली. हो म्हणा. हो म्हणणं किती सोपं होतं. नोकरी राहिली असती, फोन राहिला असता, रोजचं 'काय म्हणतंय माहेर' राहिलं असतं. आणि पुढच्या वेळी पलीकडचं सरकार काही विसरलं की याच फोनवरून माझ्याच आवाजात त्याला आठवण करून दिली गेली असती.

"दादा, नीट ऐका. यापुढे लाइन गेली तर ताईनं दिली असं समजू नका. कितीही वेळ बंद राहू दे. मी स्वतः फोनवर सांगितलं, तरी माझ्या शब्दावर कुणालाही वर चढवू नका."

पाहुण्यांचा हात फोनकडे आला. मी तो अडवला नाही. जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

एखाद्या कामाची चौकशी करावी तसं दादांनी विचारलं, "मग कुणाच्या शब्दावर चढवू, ताई?"

फोन बंद झाला. मी यार्डात गेले, कुलूप काढलं, जमिनीची जोडणी सोडवली, परत आले आणि लाइन चालू केली. आकडे चढत गेले. पलीकडे घराघरात दिवे लागले असणार.