मधली ओळ

मामंजींशी माझा करार असा झाला होता: वाटाण्याच्या सहा ओळी. तीन त्यांच्या, नेहमीसारखा युरिया घालून. तीन माझ्या, बियाण्याला पाकिटातलं जिवाणू खत चोळून आणि युरियाचा दाणाही न घालता. तोडणीला माझ्या ओळी कमी भरल्या नाहीत, तर पुढच्या हंगामापासून सगळं रान माझ्या हाती. कमी भरल्या, तर मी तोंड मिटून बसायचं. हे दुसरं मला जन्मात जमणार नाही हे सासूबाईंना ठाऊक होतं, म्हणून त्या माझ्या बाजूने होत्या.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या ओळी पिवळट पडल्या. मला फिकीर नव्हती. मुळांवर जिवाणूंच्या गाठी धरेपर्यंत असं होतंच. मग ते हवेतला नत्र ओढून रोपाला देऊ लागतात. पण मामंजी रोज बांधावर उभे राहून चुकचुकायचे.

"तुम्ही तुमच्या ओळी बघा की," मी म्हटलं.

पाचव्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "तुझी मधली ओळ काय फोफावली आहे गं."

मी जाऊन पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. कडेच्या दोन ओळी छान हिरव्या, आणि मधली गडद, त्यांच्याहून वीतभर उंच. बी एकच, जिवाणूंचं पाकीट एकच, पाणी एकच. मी खुरपं घेतलं. कडेच्या ओळीतलं एक रोप मातीसकट उचलून बादलीत धुतलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी, एक नखाने फोडली तर आत गुलाबी. गुलाबी म्हणजे जिवाणू कामावर. मग मधल्या ओळीतलं काढलं. मूळ कोरं. आयतं खायला मिळालं की रोप गाठी धरायची तसदी घेत नाही. कोणीतरी त्या ओळीला युरिया चारला होता.

ते रोप मी मामंजींच्या ताटाशेजारी नेऊन ठेवलं. ते जेवायचे थांबले.

"दुपारी तुम्ही दोघी आडव्या झालात की घालायचो," ते म्हणाले. "आठवड्याला ओंजळभरच. कडेला घातला असता तर तुला दिसलं असतं."

"मला हरवायला?"

"हरवायचं असतं तर माझ्या ओळींत जास्त घातला असता. तुझ्या पिवळ्या पडलेल्या बघवेनात मला. म्हटलं, हरली तर पोर हिरमुसेल."

रागाने जुळवून आणलेली सगळी वाक्यं फुकट गेली. या माणसाविषयी मला फार माया वाटली, आणि तसं सांगायची लाजही वाटली.

"ती ओळ बाद," एवढंच म्हटलं.

"बाद कशाला? माझ्यात मोज."

तोडणीला प्रत्येक ओळीच्या शेंगा वेगळ्या पाटीत भरून काट्यावर ठेवल्या. मामंजींच्या तिन्ही पाट्या चौदा किलोच्या आसपास. माझ्या दोन, चौदा आणि पंधरा. मधली नऊ, सगळा जोर पाल्यात गेला होता. मामंजींनी काटा दोनदा हलवून पाहिला. मग आपल्या ओळीतलं एक रोप उपटलं आणि मूळ झाडून पाहिलं. एकही गाठ नव्हती.

"इतकी वर्षं मी यांना बसून खायला घातलं," ते म्हणाले.

"मग आता?" सासूबाईंनी विचारलं.

"आता रान सूनबाईचं. ती सांगेल ते काम मी करीन."

मी त्यांना पहिलं काम सांगितलं: खताच्या खोलीची किल्ली माझ्याकडे द्यायची. त्यांनी ती निमूटपणे काढून दिली.