पावणेचारशे पिढ्यांचा पिंजरा

तीन दिवसांच्या वासराची बेंबी.

चहाच्या गाळणीतून चाळलेली पांढरी पावडर.

बसमधली एक जागा, नेहमी रिकामी.

नऊ हजार वर्षं.

उघडं दार, आणि बाहेर कुणीच येत नाही.

हे सगळं एका आठवड्यात एकाच बाईच्या पुढ्यात आलं. ती कीटकशास्त्रज्ञ. सुरुवात बेंबीपासून झाली.

जखमेची माशी जनावराच्या ओल्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खात आत शिरतात. नुकत्याच जन्मलेल्या वासराची बेंबी हीसुद्धा जखमच. पण या माशीची एक दुखरी नस आहे: मादी जन्मात एकदाच जुगते. म्हणून प्रयोगशाळेत लाखो माश्या वाढवायच्या, कोषात असतानाच किरण देऊन निर्बीज करायच्या आणि विमानातून रानावर सोडायच्या. रानातल्या मादीला यातला नर भेटला की तिची अंडी पोकळ. पुढची पिढी तिथेच संपली.

कागदावर हे असं होतं. रानात सहा आठवडे माश्या सोडून झाल्यावर धाकट्या बहिणीचा फोन आला. ती गुरांची डॉक्टर.

"ताई, तुमच्या माश्या विमानातून उतरतात तरी का, की तिथेच डुलकी काढतात?"

चेष्टा करून झाल्यावर तिने सांगितलं, की या आठवड्यात सात वासरं गेली. दोन महिन्यांत गाई विण्याचा हंगाम, तेव्हा काय होईल याचा विचारही करवत नाही. तिने जखमेतली अंडी नळीत घालून पाठवली. मोजून दोनशे. एकशे अठ्ठ्याऐंशी फुटून अळ्या निघाल्या.

ताईने किरणांची मात्रा तपासली, माश्यांना निपचित ठेवणारा विमानातला गारवा तपासला. सगळं सोळा आणे. राहिलं खाद्य, म्हणून ती माशीकाकांकडे गेली.

माश्या वाढवण्याचं काम बावीस वर्षं काकांकडे होतं. रक्तामांसाच्या खाद्याचा वास त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की बसमध्ये शेजारी कुणी टेकत नसे. आपण राजासारखा प्रवास करतो, असं ते सांगत. पंधरा वर्षांपूर्वी ती शिकाऊ म्हणून आली, तेव्हा पाय न मोडता माशी कशी धरायची हे त्यांनीच शिकवलं होतं.

काका पिंजऱ्यात कोपरापर्यंत हात घालून ताटली बदलत होते. दार सताड उघडं. आत तीन हजार माश्या, बाहेर एक नाही.

"बघ, लेकरं कशी शहाणी," ते म्हणाले. नेहमीचंच वाक्य. पंधरा वर्षं तिने त्याला हसून मान डोलावली होती. त्या दिवशी तिची नजर उघड्या दारावर खिळली.

तिने हातभर उंच काळी नळी घेतली आणि आतून गाळणीने पावडर लावली. पावडरीवर माशीचा पाय टिकत नाही. बाहेर पडायचं तर उडायलाच हवं. आधी बहिणीने अंड्यांबरोबर पाठवलेल्या कोषांतून निघालेल्या रानमाश्या, शंभर. नळी उभी करते न करते तोच तोंडातून निळंहिरवं कारंजं उठलं. चार मिनिटांत चौऱ्याण्णव बाहेर.

मग काकांच्या शंभर. त्या तळाशी बसल्या. कुणी पुढचे पाय चोळत होती, जेवणाआधी हात धुवावेत तसे. अकरा बाहेर आल्या, त्याही सावकाश.

तिने पंख सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तीच नक्षी, त्याच शिरा. पंख जिथल्या तिथे. उडण्याची ओढ तेवढी गेलेली. ती कुणी काढून घेतली नव्हती. एक भला माणूस रोज दार उघडत होता, एवढंच. चळवळ्या माश्या निसटायच्या, बसून राहायच्या त्यांचा वंश चालायचा. वर्षाला सतरा पिढ्या, बावीस वर्षं, पावणेचारशे झाल्या. माणसाच्या हिशेबात, पिढीला पंचवीसेक वर्षं धरून, नऊ हजार वर्षं. माणूस शेती करतो आहे त्याला जवळपास तेवढाच काळ लोटला, आणि इथे तो एका खोलीत, चहाच्या सुट्ट्या धरून, उलटला होता.

काकांना कसं सांगायचं? दोन दिवस जीभ रेटेना. अखेर तिने त्यांना बोलावलं आणि दोन नळ्या उभ्या केल्या, एक रानमाश्यांची, एक त्यांच्या माश्यांची. त्यांनी पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं, पावडरसुद्धा स्वतः चाळून.

"पळायची तिला मी आगाऊ म्हणायचो," ते म्हणाले.

"काका, यात तुमची चूक..."

"चूक कसली, मी लळा लावत होतो. तो असा रक्तात उतरतो हे कुठे ठाऊक होतं?" मग हातावरची पावडर झटकत, "विण्याच्या हंगामाला किती दिवस?"

"साठ."

"म्हणजे दोन पिढ्या. पोरी, रानमाश्यांपासून नवी पैदास धरू, पिंजरा दुप्पट उंच कर. खाद्य छताला टांगू. उडेल त्यालाच जेवण."

जुने पिंजरे त्यांनीच एकेक करून गोठवायच्या खोलीत नेले. वाटेत दारं उघडी ठेवली होती. कुणी बाहेर आलं नाही.

नव्या पिंजऱ्याचं दार त्यांनी सवयीने तसंच सताड उघडलं, तर एक माशी कानाजवळून सूं करत गेली, बोळ ओलांडला, दिव्याला घिरटी घातली आणि झडपेतून आभाळात दिसेनाशी झाली. काका ताटली हातात धरून आ वासून बघत राहिले. "काय गेली गं," एवढंच म्हणाले, आणि दार लावायला विसरले. ते तिने लावलं.

हंगामात बहिणीने पुन्हा अंडी पाठवली. दोनशेपैकी एकसष्ट फुटली.

बावीस वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी, पिंजऱ्यात अठ्ठेचाळीस माश्या सोडल्या होत्या. दार लावेपर्यंत एकतीस उडून गेल्या. मागे राहिल्या सतरा.