रिमोटचे बटण

गुरुवार हा आमच्या औद्योगिक पट्ट्याचा सुट्टीचा वार. त्या दिवशी चिखलीतले आमचे वर्कशॉप बंद असते आणि पुढचे अंगण मोकळे असते. म्हणून शेखरने चाचणीसाठी गुरुवार निवडला. मी सकाळी दहा वाजता खुर्ची अंगणात मांडून घेतली. यजमानांच्या पश्चात बावीस वर्षे हे वर्कशॉप माझ्या सहीने चालते, आणि या चाचणीचा निकालही माझ्याच सहीने लागणार होता.

जळालेल्या मोटारींचे वाइंडिंग हा आमचा जुना धंदा. अलीकडे चाकणहून विजेच्या स्कूटरींच्या ब्रशलेस मोटारी दुरुस्तीला येऊ लागल्या होत्या. त्यांच्यासाठी वेगळे टेबल मांडायचे ठरले, आणि ते टेबल सादिकाला हवे होते. सादिका ही आमच्या इम्तियाजची मुलगी. तो तीस वर्षे आमच्या लेथवर. ती डिप्लोमा करून चार वर्षे वाइंडिंगला. माझ्या मुलाचे, शेखरचे, मत असे की इम्तियाजची मुलगी म्हणून टेबल देऊ नये. तिने आधी काम दाखवावे.

काम त्यानेच दिले. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माझ्या या चिरंजीवांना रिमोटवर चालणाऱ्या ट्रकचा शौक. हातभर लांबीचा तो ट्रक नायट्रो इंधनावर चाले आणि इतका किंचाळे की रावेतच्या त्याच्या सोसायटीने लेखी बंदी घातली. "इंजिन काढ, ब्रशलेस मोटार बसव. नीट चालला तर टेबल तुझं," असे त्याने सादिकाला सांगितले होते.

तीन आठवडे ती कामानंतर थांबली. इंजिन, टाकी, धुराची नळी, सारे उतरवले. मोटार धरायला इम्तियाजने ॲल्युमिनियमची पट्टी कापून दिली. गिअरच्या दातांत कागदाचा कपटा धरून तिने फट जुळवली, तेव्हा मी मागे उभी होते. हात स्थिर होता. मी तशीच निघून गेले. स्तुतीने कारागीर बिघडतो, असे मी मानत आले.

त्या गुरुवारी तिने अंगणात खडूची रेघ ओढली आणि आम्हां सर्वांना, माझ्या खुर्चीसकट, रेघेमागे घेतले. ट्रक निघाला. ना धूर, ना आवाज; नुसता टायरांचा सरसराट. तीन फेऱ्या त्याने बिनचूक मारल्या.

"भन्नाट!" शेखर म्हणाला. "आई, बघितलंस? अगं, इंजिनाला हा पिकअप नव्हता."

"पट्टी कुणाची हाय पण?" इम्तियाज म्हणाला.

"अब्बा, पट्टी धावत नसते," सादिका हसली.

मोटार किती तापली हे मोजायचे होते. तापमापक आत राहिला होता. तिने रिमोट माझ्या हाती दिला. "मोठ्या बाई, नुसता धरा. काही दाबू नका. आधी गाडी बंद करायची असते, मग रिमोट."

मी मान हलवली. ऐकले मात्र नाही, हे आज कबूल करते. ती आत गेली. शेखर फोनवर बोलू लागला. इम्तियाज रेघ ओलांडून आपली पट्टी निरखायला ट्रकसमोर जाऊन उभा राहिला.

रिमोटवर हिरवा दिवा जळत होता. वापरात नसलेली वस्तू चालू ठेवायची नाही, हा माझ्या घरचा दंडक. माझ्या अंगठ्याने दिव्याखालचे बटण दाबून रिमोट बंद केला.

ट्रक उसळला. पाच किलोचे ते धूड थेट इम्तियाजच्या नडगीवर आदळले. तो कोसळला, आणि ट्रक त्याच्या पायावरून फाटकाशी जाऊन अडकला; चाके गरगरत राहिली. मी बटण पुन्हा दाबले. चाके थांबली.

सादिका धावत आली. तिने आधी ट्रकची बॅटरी काढली, मग बापाचा पाय हातात घेतला. पायजमा फाटला होता, रक्त वाहत होते. शेखरने पेटीतला कापूस आणला.

"हाड शाबूत हाय," इम्तियाज दात आवळून म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिले. माझ्या अंगठ्याकडे पाहिले. आणि नजर खाली घातली.

त्याने पाहिले होते.

"झालं कसं हे?" शेखरने माझ्या हातातून रिमोट घेतला. दिवा जळत होता. "रिमोट तर चालू आहे!"

"सिग्नल तुटला असणार," सादिका म्हणाली. "सिग्नल तुटला की गाडीनं काय करायचं, हे तिच्यातल्या रिसीव्हरमध्ये आधीच भरलेलं असतं. जुन्या इंजिनाला तिथं ब्रेक भरला होता. मी मोटारीसाठी दिशा उलटी केली. त्यामुळं तोच ब्रेक आता फुल स्पीड झाला. ते मी बदलायला हवं होतं. माझी चूक आहे, शेखरदादा."

"ते ठीक. पण सिग्नल तुटलाच का? वीस फुटांवर? उद्या लोकांच्या स्कूटरी तुझ्या हातात द्यायच्या, आणि तुला कारणच सांगता येत नाही?"

 कारण तिला ठाऊक असणार कसे?

"मला शोधू द्या. दोन दिवस द्या."

"पुरे कर!" इम्तियाज लेकीवर ओरडला. "मालकाच्या घरचं काम, नि असलं अर्धवट? लाज न्हाई वाटत? सोड ते टेबल!"

तीस वर्षांत त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता. तो माझ्यासाठी ओरडत होता. सादिकाचे ओठ मिटले. तिने ट्रक उचलला आणि ती आत निघाली.

मी नुसती गप्प बसले असते, तरी माझी चूक झाकली गेली असती.

"सादिका, थांब." मी उठले. "शेखर, सिग्नल तुटला नाही. मी तोडला. रिमोट मी बंद केला, आणि घाबरून पुन्हा चालू केला. हिने बजावले होते, मी ऐकले नाही. इम्तियाज, तू पाहिलेस. माझी लाज राखायला पोरीला बोललास. पुन्हा असे करायचे नाही."

सादिका वळली. तिच्या चेहऱ्यावर आभार नव्हते. राग होता, आणि तो योग्य होता.

"अब्बांचा पाय मोडला असता, बाई."

"हो."

"रेघ उगाच नव्हती ओढली मी."

"नव्हती."

शेखरने इम्तियाजला खुर्चीवर, माझ्या खुर्चीवर, बसवले. सादिकाने ट्रक विटांवर चढवून चाके अधांतरी ठेवली, बॅटरी लावली आणि सिग्नल तुटला तर थांबायचे, अशी नवी नोंद रिसीव्हरमध्ये भरली. मग ट्रक फाटकाकडे तोंड करून जमिनीवर ठेवला.

"आता मी रिमोट बंद करणार," ती म्हणाली.

"मी समोर उभी राहते," मी म्हणाले. मला ते न्याय्य वाटले.

"नाही." तिने वर पाहिले. "कुणीही समोर उभं राहायचं नाही. मागं व्हा, बाई. रेघेमागं."

शेखरने माझ्याकडे पाहिले. या अंगणात मला कोणी मागे हो म्हटलेले त्याला आठवत नसावे. मलाही नव्हते. मी मागे झाले. माझी पावले रेघेमागे आहेत ना, हे तिने वाकून पाहिले आणि मगच बटण दाबले.

चाक हलले नाही.

तिने रिमोट पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. मग ट्रक धावत असताना रिमोट बंद केला. तो दोन हातांवर थबकला. आणखी एकदा. आणखी एकदा.

"उद्यापासून टेबल मांडू," शेखर हळूच म्हणाला.

"अजून झालं नाही, शेखरदादा," ती म्हणाली, आणि तिने ट्रक परत पहिल्या जागी नेऊन ठेवला. ऊन चढले होते, माझे पाय दुखू लागले होते. "आता या," असे ती म्हणेपर्यंत मी रेघेमागून हलले नाही.