गार चादरींचा सराव

ग्रंथालयामागच्या खोलीला एकही पायरी नव्हती, म्हणून तर ती निवडली होती. कामावर असताना ज्यांना अपघात झाला अशी सात-आठ माणसं दर बुधवारी दुपारी तिथे जमत. डॉक्टर नाही, साहेब नाही. ज्याचं आधी मोडलं त्याने नंतर मोडलेल्याला सांगायचं, एवढाच कारभार. नियम एकच होता, 'अरेरे' म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने खोली झाडायची.

घडीवालीने पहिल्याच बुधवारी खोली झाडली. शिडीवरून पडलेला रंगारी चाकांच्या खुर्चीतून दारात आला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अरेरे!"

"घ्या, झाडू कोपऱ्यात आहे," रंगारी म्हणाला. "आणि खुर्चीखालचं विसरू नका बरं का, तिथेच जास्त कचरा असतो."

तिने डाव्या हाताने, अडखळत, खोली झाडली. हातातला झाडू कुणीही काढून घेतला नाही. घरी नणंद तिला पेलासुद्धा उचलू देत नसे. पुढच्या बुधवारी ती आली ती त्या झाडूपायीच.

घडीवाली म्हणजे मोठ्या धुलाई कारखान्यात चादरींच्या घड्या करणारी. अकरा वर्षं तिने तेच काम केलं होतं. इस्त्रीच्या रुळातून तापलेल्या चादरी बाहेर येतात. दोघींनी दोन टोकं धरायची, समोरासमोर चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, टेबलावर शेवटची घडी घालून तळव्याने दाबायची. सात महिन्यांपूर्वी अडकलेली किनार सोडवताना तिचा उजवा हात रुळात गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. तळव्यावर मांडीची कातडी आणून लावली. कातडी छान धरली, पण मुकी निघाली. मनगटापर्यंत काहीच कळत नव्हतं.

कारखान्याने तिला दाराशी खुर्ची देऊ केली, येणाऱ्या गाठोड्यांवर चिठ्ठ्या लावायला. तिला ती नको होती. "दाराशी बसवलेल्या माणसाला येणारा-जाणारा विचारतो, आता कसं वाटतं? मला कामाचं विचारणारी माणसं हवीत," ती म्हणाली. मग मुकादमबाईने सांगितलं, "तीन आठवड्यांनी शनिवारी ये. तासाला साठ चादरी करून दाखव. झाल्या तर टेबल तुझं. नाही झाल्या तर तिथे आत्ता जी उभी आहे तीच कायम होईल."

तयारीला तीन बुधवार मिळाले. सगळ्यांनी आपापल्या घरून चादरी आणल्या. रंगाऱ्याने खुर्चीत बसून दुसरं टोक धरलं, आणि दोन्ही हात भाजलेल्या वेल्डरकाकांनी घड्याळ. उरलेली तीन बोटं आणि तळवा, एवढ्यावर घडी कशी घालायची ते तिने नव्याने शोधलं. अंगठ्याने चादरीचा कोपरा धरायचा, हाताच्या कोपराने दाबायचं, तळव्याने सरकवायचं. तिसऱ्या बुधवारी एका तासात बासष्ट झाल्या.

"माझ्या लग्नात इतक्या चादरी आल्या असत्या तर मी शिडीवर चढलोच नसतो," रंगारी दंड चोळत म्हणाला.

शनिवारी पहाटे ती नेमाप्रमाणे देवापुढे बसली. यश मागायचं नाही, मन स्थिर मागायचं, हा तिचा जुना नेम. मन स्थिर होतं. कारखान्यात जुनी जोडीदारीण बारकी समोर उभी राहिली, आणि चादरी सुरू झाल्या. दहा, वीस, तीस. हात चालत होता. एक्केचाळिसाव्या चादरीला बारकी ओरडली, "अगबाई, थांब! तुझा हात बघ!"

पांढऱ्या चादरीवर ओला डाग होता. तळव्यावर रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता. तिला पत्ताच नव्हता.

मुकादमबाईने यंत्र थांबवलं. ती रागावली नाही, त्याने जास्त लागलं. "काम येतंय तुला, नाही कोण म्हणतं? पण हात जळतोय हे जिला कळत नाही, तिला मी रुळापाशी कशी उभी करू? पुढच्या शुक्रवारपर्यंत सांग, दाराशी बसतेस का."

घरी नणंदेने हाताला पट्टी बांधली. "वहिनी, झालं ना आता समाधान? खुर्ची देतायत तर बसावं माणसाने. आमच्या साहेबांची खुर्ची मिळावी म्हणून कचेरीत लोक काय काय करतात!"

"तुमच्या साहेबांना घड्या येत नसतील," घडीवाली म्हणाली, आणि पट्टीचं दुसरं टोक दातात धरून गाठ स्वतः मारली.

बुधवारी ती खोलीत शिरली ती बोलतच. एरवी तिचा आवाज शेजारच्याला ऐकू येत नसे. "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला गार चादरींवर शिकवलंत! घरच्या, धुऊन वाळवलेल्या, गार! रुळातून येते ती चादर भाजते. एकालाही सुचू नये?"

वेल्डरकाकांनी आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले.

"खरंच की गं," ते म्हणाले. "माझ्या हातांना दहा वर्षांत ऊन-गार कळलेलं नाही. या रंगाऱ्याला कमरेखालचं कळत नाही. त्या भट्टीवाल्याची बोटंच नाहीत. चादर गरम असते हे आमच्या डोक्यातच आलं नाही."

"वा!" रंगारी म्हणाला. "चटका कुणाला कळत नाही, आणि म्हणे एकमेकांना शिकवतो! आंधळ्याने आंधळ्याला विचारलं, दिवा लावू का?"

आधी भट्टीवाला हसला, मग सगळेच. तिला हसायचं नव्हतं. दोन क्षण तिने ओठ दाबून धरले, मग तीही हसली. राग ओसरल्यावर खुर्ची ओढून बसली.

"काका, तुमच्या हातांना कळत नाही, तरी तुम्ही वेल्डिंग करताच ना?"

"करतो. डोळ्यांना कामाला लावलं. तापलेलं लोखंड रंगाने सांगतं, हात लावायची गरज पडत नाही. पण ते लोखंडाचं झालं. चादरीचं या खोलीत तुझ्याशिवाय कुणाला माहीत? आठव बरं. कुठली चादर धरायची आणि कुठली नाही, हे अकरा वर्षं तुला कोण सांगत होतं?"

"हात," ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. "नाही. हात लावून कळेपर्यंत भाजलेलंच असतं. आम्ही आधीच थांबायचो." तिने डोळे मिटले. "तापलेल्या चादरीची किनार ताठ असते. वाफ निघून गेली की किनार खाली बसते. मग धरायची. बारकीला विचाराल तर तिला सांगता येणार नाही, पण तीही तेच करते."

काकांनी आपला चहाचा कप तिच्या मनगटाच्या वर, बाहीखाली टेकवला. "हे कळतं?"

"कळतं की! काढा, भाजतंय!"

"मग तुझ्याकडे दोन पहारेकरी आहेत. डोळा आणि हे इथलं."

गुरुवारी ती मुकादमबाईकडे गेली. परीक्षा मागितली नाही, फक्त उभं राहायची परवानगी मागितली. "उभी राहा. पण हात पाठीशी," मुकादमबाई म्हणाली.

पूर्ण पाळीभर ती हात पाठीशी बांधून रुळासमोर उभी राहिली. चादर बाहेर आली की किनार बघायची आणि मनात म्हणायचं, धर. त्याच क्षणी बारकीचा हात चादरीला लागला तर बरोबर. सुरुवातीला दहातल्या तीन चुकल्या. दवाखान्याच्या पातळ चादरी लवकर निवतात, हॉटेलच्या दुहेरी शिवणीच्या उशिरा, हे तिचा हात कधीकाळी जाणत होता. आता डोळ्याला पहिल्यापासून शिकावं लागत होतं. पाय भरून आले. पाळी संपता संपता दहातली एकही चुकेना.

मग ती मुकादमबाईसमोर जाऊन उभी राहिली. "उद्या एक तास द्या. साठ होणार नाहीत. पन्नास होतील. पण चटका एकही नाही."

"साठ ठरल्या होत्या."

"ठरल्या होत्या. साठच्या नादात मी हात जाळून घेतला. मला इथे एक तास उभं राहायचं नाहीये बाई, म्हातारी होईपर्यंत राहायचंय."

मुकादमबाईने चष्मा कपाळावर सरकवला. "देवाशप्पथ पन्नास?"

"देवाला कशाला मध्ये घालता? मी म्हणतेय ना."

"बोलायला फार शिकलीस त्या खोलीत," मुकादमबाई म्हणाली. "ये उद्या."

शुक्रवारी बारकी भीत भीत चादर धरत होती. तिचं टोक सैल पडायचं आणि घडी वाकडी व्हायची. "नीट ताण की," घडीवाली म्हणाली. "मी मोडायची ती मोडून झाले." बारकीने ताणली.

किनार बसेपर्यंत थांबायचं. मनगटाच्या वरचा भाग चादरीला लावून बघायचा. मग धरायचं. दर पाच चादरींनंतर तळवा उलटा करून डोळ्यांनी तपासायचा. सुरुवातीला या थांबण्याचं ओझं झालं, मग तेच लयीत बसलं. मुकादमबाई घड्याळाखाली हात बांधून उभी होती. मोजणी करणारी मुलगी मोठ्याने आकडे म्हणत होती.

एकोणपन्नासावी ढिगावर गेली तेव्हा तासाला अर्धं मिनिट उरलं होतं. पन्नासावी रुळातून बाहेर आली. हॉटेलची, दुहेरी शिवणीची. बारकीने आपलं टोक उचललं. घडीवालीचा हात पुढे गेला आणि थांबला.

"अगं, धर ना!" बारकी कळवळून म्हणाली. "एवढी एकच राहिलीय!"

किनार अजून ताठ होती. घडीवालीने घड्याळाकडे पाहिलं नाही. तिने किनारीकडे पाहिलं. काटा पुढे सरकला. मग किनार हळूच खाली बसली. घडीवालीने मनगटाच्या वरचा भाग टेकवून पाहिला, टोक धरलं, कोपऱ्याला कोपरा लावला आणि चादर ढिगावर ठेवली. तास उलटून गेला होता.

मुकादमबाई टेबलाशी आली. "एकोणपन्नास," ती म्हणाली. "का थांबलीस?"

"किनार बसली नव्हती."

मुकादमबाईने तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, उजेडाकडे नेला. शनिवारच्या पट्टीच्या कडेने, बोटांच्या मधून, तिने बारकाईने पाहिलं. नवीन लाली कुठेच नव्हती.

"सोमवारपासून ये," तिने हात सोडला. "दाराशी दुसरं कुणीतरी बसेल."

"सोमवार कशाला?" घडीवाली म्हणाली. "ही चादरींची ढकलगाडी अर्धी राहिलीय." आणि तिने बारकीला पुढची चादर ओढायला सांगितली.