सरी, अक्का

मार्चचा पहिला रविवार, सकाळ. बंगळूरजवळ, येलहंक्याच्या पलीकडच्या तळ्याचा उत्तर काठ. हजर: मी, रोहिणी, होडीवाले मुनियप्पा आणि वाळूच्या गोणी. गैरहजर: नलिनीअक्का, म्हणजे रोहिणीच्या सासूबाई.

अक्का मला आठवतात त्या हातांपासून. डावा तळवा कपाळावर, ऊन अडवणारा. उजवा हात मागे, आपल्या दिशेला, बोटं पसरून उभा धरलेला. पाण्यावरची नजर जराही न हलवता त्या उजव्या हाताने सांगत, "स्वल्प ताळ." थोडं थांब, धीर धर. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं; त्यांच्या मराठीतून कन्नड वेगळं काढायला गेलं असतं तर बोलणंच उसवलं असतं. मी पुण्याहून आलेली, कामं नेमून, वेळेवर उरकणारी. शेजारी राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी गच्चीतून त्यांना काही विचारलं, आणि त्या मान डोलावत म्हणाल्या, "सरी, सरी." मी धावत जाऊन वाळत घातलेले सगळे कपडे काढले. आभाळ कोरडं ठणठणीत. अक्का कठड्याला टेकून हसत होत्या. "अगो, सरी म्हणजे बरं. ठीक. पावसाच्या सरी नव्हे गे."

त्या दिवसापासून माझं नाव 'कपडेवाली' पडलं, आणि दर उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर तळ्यावर येणं हे माझं ठरलेलं काम झालं.

इथे सुरय येतात. समुद्रपक्ष्यांच्या गोतातले, पण गोड्या पाण्याशी सोयरीक केलेले. राखी पंख, पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, आणि शेपटी अशी दुभंगलेली की उडताना हवेत कात्री चालल्याचा भास व्हावा. झाडाशी, फांदीशी त्यांना देणंघेणं नाही. तळ्याच्या मध्यावर मातीचा एक उंचवटा आहे. पाणी ओसरलं की तो उघडा पडतो, आणि त्या उघड्या मातीवर, एक काडीही न रचता, ते अंडी घालतात. अक्कांचं वर्ष त्या उंचवट्यावर बेतलेलं होतं. शिवरात्रीला माती वर, युगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, अंडी, आंबे उतरेपर्यंत पिल्लं हवेत. मग पावसाने खुशाल यावं. लग्नाची बोलणी असोत, घराची रंगरंगोटी असो, सगळ्याला त्यांचं एकच उत्तर: पिल्लं उडू देत, मग बघू.

पण तळं बदललं. शहराचं शुद्ध केलेलं पाणी आता नळांनी बारा महिने त्यात येतं. फिरायला येणारे खूश आहेत. काठावर बाकं आली, सकाळी कोवळ्या उन्हात भरलेलं पाणी खरोखर देखणं दिसतं. कुणाचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. फक्त उंचवटा उशिरा वर येतो. गेल्या वर्षी युगादी उलटली, करंजाचा मोहोर गळून वाटेवर पांढरा सडा झाला, तरी माती पाण्याखालीच होती. नर चोचीत मासा धरून मादीभोवती घिरट्या घालत होते आणि तो ठेवायला खाली जागाच नव्हती.

त्याच वेळी डॉक्टरांनी अक्कांच्या हृदयाची झडप बदलायला सांगितलं होतं. काठावरच रोहिणीने विषय काढला.

"अत्ते, एप्रिलची तारीख मिळतेय. घेऊ?"

"पिल्लं उडू देत गे. मग मी मोकळी."

"पक्ष्यांना विचारून कोण ऑपरेशन करतं?"

"तुझ्या डॉक्टरला पंख असते तर त्याला विचारलं असतं."

आम्ही तिघी हसलो. एरवी हिशेब बरोबरही होता. मेपर्यंत थांबायला हरकत नाही असं डॉक्टरही म्हणाले होते. अक्कांनी आपली वेळ पक्ष्यांच्या वेळेला बांधली होती, आणि पक्ष्यांची वेळ सुटली होती. एप्रिल सरताना एकदाची माती उघडी पडली, अंडी आली. अक्कांनी तारीख पुढे ढकलली. मे अर्धा झाला, पिल्लं नुकती कवचाबाहेर, वाळूच्याच रंगाची, हलली तरच दिसणारी. तारीख आणखी पुढे गेली.

मग एका संध्याकाळी वळीव कोसळला. दुसऱ्या दिवशी मी एकटी तळ्यावर जाऊन आले. अक्कांना आता जिना उतरवत नव्हता; खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, धाप लागलेली. मीच सांगितलं, उंचवटा बुडाला. सुरय अजून त्या जागेवर घिरट्या घालतायत, चोचीत मासे आहेत.

बाहेर पुन्हा थेंब पडू लागले होते. अक्कांनी काचेकडे मान वळवली. मग म्हणाल्या, "सरी."

जूनची तारीख आली तेव्हा त्या नव्हत्या.

तो शब्द त्यांनी कोणत्या भाषेत उच्चारला, हे मला अजून कळलेलं नाही. मान्य केलं, की पाऊस दाखवला? माझ्या कामांत सहसा असं काही अर्धवट राहत नाही.

यंदा परवानगी मिळवली आहे. उंचवट्यावर वाळू टाकून तो हातभर वाढवायचा, म्हणजे तो लवकर वर येईल आणि उशिरा बुडेल. मुनियप्पांनी वल्ह्याने तळ चाचपला, मान हलवली. माती अजून खोल आहे. टाकलेली वाळू टिकणार नाही, वाहून जाईल. "स्वल्प ताळी, मेडम," ते म्हणाले. रोहिणीने पटकन तोंड फिरवलं.

दूरवर सुरयांची एक जोडी आली, बरोबर त्या जागेवर थबकली, आणि निघून गेली. माणूस गेल्यावरही त्याची वेळ मागे राहते. दरवर्षी येऊन आपली जागा शोधते.

गोणी काठावर रचून ठेवल्या आहेत. उंचवटा वाढवणे: बाकी.